पेट-सीटीच्या टेबलावर श्वास कसा घ्यावा?

गेल्या वर्षी आमच्या खालांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. आजार आणखी कुठे पसरला आहे का हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी पेट-सीटी करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये उजव्या फुप्फुसाच्या तळाशी एक ठिपका आला. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. आजार फुप्फुसात गेला असेल तर ऑपरेशनचा बेत बदलावा लागेल, असं सर्जनसाहेब म्हणाले. पण शंकाही त्यांनाच आली. ठिपका होता त्या जागी सीटीच्या चित्रात गाठच दिसत नव्हती. त्यांनी लिव्हरचा एमआरआय करून घेतला. गाठ लिव्हरच्या अगदी वरच्या भागात होती, तीही एकच. फुप्फुस साफ होतं, अल्हमदुलिल्लाह.

मशीन खराब नव्हतं आणि रिपोर्ट लिहिणाराही बेफिकीर नव्हता. सगळा घोळ श्वासाचा होता.

पेट-सीटी म्हणजे एकाच टेबलावर दोन तपासण्या. अशा जोडमशीनचा पहिला नमुना १९९८ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात वापरात आला. सीटी शरीराची रचना टिपते आणि तिचं काम मिनिटभराच्या आत उरकतं. पेट मात्र टोचलेल्या किरणोत्सारी साखरेचे संकेत पंधरा-वीस मिनिटं गोळा करत राहते. तेवढ्या वेळात माणूस दोन-अडीचशे वेळा श्वास घेतो, आणि छाती व पोट यांच्यामधला पडदा दर वेळी एक-दोन सेंटिमीटर खाली-वर होतो. शाळेच्या ग्रुप फोटोत मान हलवणाऱ्या मुलाचा चेहरा पुसट येतो, तशीच फुप्फुसाच्या तळाची लहान गाठ पेटमध्ये पसरट आणि फिकी दिसते.

सीटीच्या वेळी रुग्णाने छाती भरून श्वास घेतला तर गोंधळ आणखी वाढतो. फुगलेलं फुप्फुस लिव्हरला खाली ढकलतं आणि सीटी तीच जागा टिपते. पेटमध्ये लिव्हर नेहमीच्या जागी, म्हणजे थोडं वर असतं. दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली की लिव्हरच्या माथ्यावरची गाठ फुप्फुसात जाऊन बसते. शिवाय शरीरात किती किरण अडले याचा हिशेब कॉम्प्युटर सीटीवरूनच करतो. लिव्हरच्या जागी त्याला हवा दिसली तर हिशेब कमी पडतो आणि तिथे केळ्याच्या आकाराची रिकामी पट्टी उमटते. त्या पट्टीत खरी गाठही फिकी पडू शकते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३०० पैकी ६ रुग्णांच्या गाठी अशा चुकीच्या जागी दाखवल्या गेल्या होत्या. आकडा लहान आहे, पण त्या सहांत आपलं माणूस असलं तर?

खालांनी एवढा खोल श्वास का घेतला? छातीचा एक्स-रे काढताना वर्षानुवर्षं “लंबी सांस लो, रोको” हेच ऐकलेलं! टेबलावर झोपल्याबरोबर त्यांनी आपणहून छाती भरून घेतली. त्यांना अडवायला हवं होतं, पण ते कुणी केलं नाही.

यावर तंत्रज्ञांकडे उपाय आहेत. बहुतेक ठिकाणी हलका, नेहमीचा श्वास चालू ठेवून सीटी घेतात. काही ठिकाणी पोटावर पट्टा बांधतात किंवा छोटी खूण ठेवून कॅमेऱ्याने तिची हालचाल टिपतात, आणि श्वासाच्या ठरावीक टप्प्यावरचेच संकेत निवडतात. त्याला गेटिंग म्हणतात. नव्या मशीन हे काम पट्ट्याशिवायही करतात. वेळ मात्र जास्त लागू शकतो. शंका आली तर डॉक्टर सीटीची दुरुस्ती न लावलेलं पेटचं चित्रही पाहतात.

घरच्यांनी काय करावं? आदल्या दिवशी रुग्णाला शांत झोपवून साधा श्वास घ्यायला सांगा. खोकला, दमा किंवा उताणं झोपल्यावर धाप लागत असेल तर तंत्रज्ञाला आधीच कळवा. श्वासाबद्दल त्यांनी वेगळी सूचना दिली तर तीच पाळा. “उपाशी या” म्हणजे रोजा ठेवून या असं नाही. साधं पाणी चालतं, उलट प्यायला सांगतात. रमजानमध्ये तारीख आली तर हे ध्यानात असू द्या. आजारी माणसाला रोजा नंतर पुरा करता येतो.

जुन्या सीटीच्या फिल्म आणि सीडी मात्र सोबत न्याच. सर्जनसाहेबांनी खालांच्या ठिपक्याची जागा दोन महिन्यांपूर्वीच्या सीटीशीही ताडून पाहिली होती.