हुमणीचा शत्रू, त्याच्या पोटातील जीवाणू

उसाची मुळे कुरतडणाऱ्या हुमणीवर महाराष्ट्रात हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हा सूत्रकृमी वापरला जातो. १९९२ मध्ये त्याची प्रथम नोंद झाली ती कोइमतूरहून. अळीच्या शरीरात शिरून तो आपल्या आतड्यातील जीवाणू ओकतो आणि अळी मरते ती मुख्यतः या जीवाणूंमुळे, साधारण दोन दिवसांत. मेलेली अळी अंधारात मंद प्रकाशते. १९९३ मध्ये झेनोऱ्हॅब्डसपासून वेगळ्या काढलेल्या या प्रजातीचे फोटोऱ्हॅब्डस हे नाव त्या प्रकाशावरूनच आले.

प्रजातीतील जाती ओळखणे मात्र कठीण होते. एरवी जीवाणूची ओळख पटवणारे १६एस आरएनए जनुक येथे जवळजवळ सारखेच निघते. अखेर २०१८ मध्ये संपूर्ण जनुकसंचच ताडून पाहण्यात आले. साम्य सुमारे ९५ टक्क्यांखाली उतरले की जात निराळी, हा निकष. त्यामुळे अनेक उपजातींना स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. इंडिकाच्या पोटात आढळणारा फोटोऱ्हॅब्डस अखर्स्टाय त्यांपैकीच.

हा निव्वळ नामांतराचा खटाटोप नव्हे. याच प्रजातीतील फोटोऱ्हॅब्डस असिम्बायोटिका अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात माणसांच्या जखमांतूनही मिळाला आहे. शेतात सोडायच्या कृमीच्या पोटात नेमके कोण आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.