हानी स्खाफ्ट
हानी स्खाफ्ट (१६ सप्टेंबर, १९२०:हार्लेम, नेदरलँड्स - १७ एप्रिल, १९४५) या दुसऱ्या महायुद्धातील डच प्रतिकार चळवळीच्या कार्यकर्त्या होत्या. कायद्याच्या विद्यार्थिनी असताना त्यांनी जर्मनांप्रति निष्ठेच्या प्रतिज्ञापत्रावर सही नाकारली व पुढे सशस्त्र हल्ल्यांत भाग घेतला. ‘लाल केसांच्या मुली’चा शोध सुरू झाल्यावर त्यांनी केस काळे रंगवले, अटकेनंतर मुळाशी उगवलेल्या लाल केसांनीच त्यांची ओळख पटली. देशमुक्तीच्या अवघ्या १८ दिवस आधी त्यांना समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत गोळ्या घालण्यात आल्या. तेथे सापडलेल्या ४२२ मृतदेहांत स्त्री एकच होती. नोव्हेंबर १९४५मध्ये राणी विल्हेल्मिनाच्या उपस्थितीत त्यांचे सन्मानपूर्वक दफन झाले. मात्र त्या कम्युनिस्ट गटातील असल्याने शीतयुद्धकाळात, १९५१मध्ये, सरकारने त्यांच्या स्मृतिसमारंभावर बंदी घातली.