चंचल मूल, परके शहर

शाळेतून पुन्हा चिठ्ठी येते : 'मूल एका जागी बसत नाही.' वही शाळेत राहते, डबा बसमध्ये. आजी म्हणते, "लाडाने बिघडलाय." शेजारीण म्हणते, "मोठा झाला की सुधारेल." आई मात्र रात्रभर स्वतःलाच दोष देत जागी राहते.

त्यातच बदलीमुळे बिऱ्हाड पुण्या-मुंबईहून चेन्नईला आलेले असेल, तर काळजी दुप्पट होते. भाषा परकी, ओळखीचे डॉक्टर मागे राहिलेले. मग जायचे कुणाकडे?

खोडकरपणा की आजार?

प्रत्येक खोडकर मुलाला एडीएचडी, म्हणजेच अतिचंचलता व लक्ष न लागण्याचा विकार, नसतो. लक्षणे किमान ६ महिने टिकलेली, १२व्या वर्षाआधी सुरू झालेली आणि घरी व शाळेत दोन्हीकडे त्रास देणारी असली, तरच तज्ज्ञ तसे निदान करतात. रक्ततपासणीत किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये हा विकार कळत नाही. मुली पुष्कळदा धावपळ न करता नुसत्या हरवलेल्या दिसतात, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईच्या संस्कारांचा हा दोष नव्हे.

कोणाचे काम काय?

प्रथम बालरोगतज्ज्ञांकडून कान, डोळे आणि झोप यांची तपासणी करून घ्यावी. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, वर्तन सुधारण्याचे उपचार करतात आणि पालकांनाही शिकवतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? दारावर 'समुपदेशक' अशी पाटी असली म्हणजे पदवी असतेच असे नाही.

चेन्नईत एग्मोरला मुलांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. किल्पॉकची सरकारी मानसिक आरोग्य संस्था तर १७९४ पासूनची. जोडीला लिहिण्या-वाचण्याची अडचण असेल, तर मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशनकडे चौकशी करता येते. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

भाषेचा प्रश्न

मूल शाळेत इंग्रजी बोलते, पण उपचारांचा अर्धा भार घरावर असतो आणि घर मराठीत चालते. म्हणून उपचारकाची भाषा आईवडिलांना नीट समजते ना, हे आधी पाहावे. तपासणी चेन्नईत करून पालकांचे मार्गदर्शन महाराष्ट्रातील तज्ज्ञांकडून व्हिडिओ कॉलवर घेणे, हाही एक मार्ग आहे.

पहिल्या भेटीत विचारा

* तुम्ही शाळेशी बोलाल का?
* घरी आम्ही काय करायचे?
* फरक पडला की नाही, हे कधी आणि कसे तपासणार?

"दहा बैठकांत पूर्ण बरा करतो," असे कुणी म्हणाले, तर तिथून उठावे. ६ वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण, औषधाचा विचार त्यानंतर. पुढेही औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नये, बंदही करू नये.

पहिल्याच उपचारकाशी सूर जुळेल असे नाही. दुसरा शोधण्यात कमीपणा नाही. तोवर घरी एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती पाळली की लगेच शाबासकी. दिवसभर बोलणीच खाणाऱ्या मुलाला तेवढाही आधार पुष्कळ असतो.