*मासा तिरपा पोहतोय? लगेच औषध ओतू नका*



नळगंगा धरण असो की तुमचं शेततळं, रोहू-कटला ओळखीचे. पण माशाला कान असतो! बाहेरून दिसत नाही, कवटीत असतो. आत चुन्याचे खडे अन् त्यांच्याखाली केसासारखं टोक असलेल्या पेशी. मासा कलला की खडा सरकतो, पेशी मेंदूला कळवतात, डोळे उलटे फिरून नजर स्थिर ठेवतात.

एका बाजूचा कान बिघडला की मासा तिकडेच कलतो, डोळेही तिरके. पण काही आठवड्यांत बराचसा सरळ होतो. मेंदू दुसऱ्या कानावर अन् नजरेवर भागवतो, मेलेल्या पेशीही नव्याने येतात. आपल्याच देशातल्या ओढ्यांतल्या इवल्याशा झेब्रा माशावर हे पुष्कळ तपासलंय. माणसाच्या कानात मात्र मेलेली ऐकण्याची पेशी परत येत नाही. मळणीयंत्रावर असाल तर इअरप्लग लावाच.

स्ट्रेप्टोमायसिन, निओमायसिन, जेंटामायसिन नेमक्या याच पेशी मारतात. फवारणीतून उरलेली स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी तळ्यात टाकू नका. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर प्राणवायू कमी पडतोय. ताजं पाणी सोडा, त्या दिवशी खाद्य बंद ठेवा.