बाळंतपणाचं एक्सेल शीट

बाळ येतंय ही न्यूज गोडच. पण त्याच्याबरोबर येणाऱ्या बिलाचं काय?

प्रेग्नन्सी टेस्टवर दोन रेघा दिसल्या त्या रात्री आम्ही आधी पेढे खाल्ले आणि मग लॅपटॉप उघडला. नवरा आयटीत, मी फ्रीलान्स पत्रकार, पुण्यात भाड्याचा वन बीएचके. आनंद कितीही झाला तरी बजेट मांडावंच लागतं ना!

पहिला झटका हॉस्पिटलच्या काउंटरवर. जनरल वॉर्डात नॉर्मल डिलिव्हरी 55 हजार, सिंगल रूममध्ये सिझेरियन 1 लाख 60 हजार. "रूम बदलली की डॉक्टरांची फीसुद्धा बदलते?" मी विचारलं. "हो मॅडम, क्लासप्रमाणे." म्हणजे डॉक्टर तेच, टाके तेच, रेट मात्र पलंगाप्रमाणे! बाळाचे डॉक्टर आणि गरज पडलीच तर एनआयसीयू, हे सगळं पॅकेजच्या बाहेर.

सिझेरियनचा खर्च 'बघू पुढे' म्हणून सोडताही येत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी दवाखान्यांतल्या 47.4 टक्के प्रसूती सिझेरियनने झालेल्या दिसल्या, सरकारीत 14.3 टक्के. सरकारी रुग्णालयात 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियनही मोफत होतं. हा पर्याय आमच्या शीटमध्ये आलाच नव्हता, हे कबूल करते.

इन्शुरन्स? माझ्या पॉलिसीत मॅटर्निटीला तीन वर्षांचा वेटिंग पिरियड, आणि पॉलिसी काढली गेल्या वर्षी. नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत कव्हर आहे, पण लिमिट 50 हजार.

खरा मोठा आकडा मात्र वेगळाच निघाला. 2017 मध्ये कायदा बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. माझी एचआरमधली मैत्रीण सहा महिने निवांत घरी होती, पगार चालू. माझं काय? लेख नाही, तर पैसे नाहीत. सहा महिन्यांची बुडालेली कमाई हॉस्पिटलच्या बिलापेक्षा जास्त भरली.

पुढच्या शनिवारी आई साताऱ्याहून आली. चष्मा लावून तिने शीट वाचलं. डायपर, लसी, डिंकाचे लाडू, मालिशवाल्या मावशी, पाळणाघर...

"आणि मी कुठंय यात?"

"तुझा कसला खर्च, आई?"

"अगं, तीन महिने इथं राहणार म्हणजे शिवणाचा क्लास बंद. चौदा मुली आहेत."

महिन्याला हजार रुपये फी. चौदा मुली, तीन महिने, 42 हजार. बाळंतपणाला आई येणारच, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की तिची ओळच टाकली नव्हती.

"मी देते ते पैसे," मी म्हटलं.

"लेकीच्या बाळंतपणाचे पैसे घेतं का कुणी? पण लिहून ठेव. लिहिलेलं असू दे."

आता ठरलंय असं: आई दीड महिनाच राहणार. नंतर नवरा साठवलेली रजा टाकून घरी बसणार. मालिशवाल्या मावशींच्या हाताखाली तो आतापासूनच घाबरून आहे. आईच्या ओळीत 21 हजार लिहिलेत. ते द्यायचे नाहीत, पण टोटलमध्ये धरलेत.