सीताबर्डीची टेकडी आणि पडद्यावरचं घोडदळ

‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) या गेममध्ये मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येतं. हत्ती दिसले की खजिना तिकडेच उधळावासा वाटतो. नागपूरकरानं तरी तो मोह आवरावा! २७ नोव्हेंबर १८१७ ला नागपूरच्या सीताबर्डीवर इंग्रजांशी झालेल्या लढाईत नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसल्यांच्या खरं कामी आलं ते भाडोत्री अरब पायदळ. या अरबांनी धाकटी टेकडी काबीज केली आणि तिथली तोफ थेट इंग्रजांच्या थोरल्या टेकडीकडे वळवली. मग इंग्रजांकडच्या कॅप्टन फिट्झगेराल्डच्या बंगाल घोडदळानं मैदानातल्या भोसल्यांच्या तोफा हिसकावल्या, धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि डाव फिरला. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या गेममध्येही हाच धडा: उंचावरून केलेला मारा सव्वापट बसतो, पण तोफांपाशी भालाईत ठेवले नाहीत तर घोडेस्वारांना रान मोकळंच.