पाटाच्या डाव्या हाताला

नीरा डाव्या कालव्याच्या काठाने सायकलवर निघावे ते वीरपासून, बारामतीच्या दिशेने. एकोणिसाव्या शतकातला हा पाट जमिनीची समपातळी धरून चालतो. चढ असा नाहीच. साठीतल्या गुडघ्यांना हे फार मानवते! उजवीकडे नदीपर्यंत ऊस. डावीकडे, पाटाच्या वरच्या अंगाला, बव्हंशी जिरायत माळ. पाणी आपणहून चढत नाही, एवढेच कारण.

बँकेत असताना कर्जाच्या पाहणीला मी इथूनच जीपने जाई. उजवीकडच्या अर्जांवर सही. डावीकडच्यांवर शेरा : ‘पाण्याची सोय नाही.’ विहिरीसाठी मागितलेल्या कर्जावरसुद्धा!

परवा डावीकडच्या एका वस्तीपाशी सायकल पंक्चर झाली. एका म्हाताऱ्याने तांब्या दिला, ट्यूब बुडवायला घमेले भरून आणले. म्हणाला, “सायेब, माझा अर्ज तुम्हीच परत केलावता.”

हे पाणी कुठले, असे विचारायचा मला धीर झाला नाही.